भूलचुकीचे आठ मणी

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातून आले, स्कूटर स्टँडला लावली, हातात डबा आणि मेथीची जुडी, आणि समोर अण्णा कंपाउंडच्या भिंतीकडेने चालताना दिसले. उजव्या हातात काठी, डावा हात पाठीमागे कमरेवर, मान किंचित खाली. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा चार महिने झाले होते. "अण्णा, पाचची गोळी घेतलीत का?" मी विचारलं. त्यांनी डावा तळवा माझ्या दिशेने उभा केला, चौकातल्या ट्रॅफिक हवालदारासारखा. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून जरा जवळ जाऊन, आवाज चढवून पुन्हा विचारलं. ते थांबले. माझ्याकडे बघितलं. ती नजर मला लहानपणापासून ओळखीची आहे. पसरलेल्या नकाशावर कुणाचा पाय पडला की ती यायची. मग एक अक्षर न बोलता ते वळले, आणि जेवढं अंतर चालून आले होते तेवढंच काठी टेकत टेकत परत फाटकापर्यंत गेले. तिथे जमिनीत लोखंडी पट्टी गाडलेली आहे, जिच्यावरून फाटक सरकतं. तिला दोन्ही टाचा लावून उभे राहिले, एक श्वास घेतला, आणि पहिल्यापासून चालायला लागले.

गोळी घेतली नव्हतीच.

मी वर जाऊन मेथी निवडत बसले आणि धुसफुसत राहिले. फिजिओवाल्या मुलीने पंधरा मिनिटं सांगितलीयत, हे पाऊण तास चालतात. दुखलं की बसा म्हणून सांगितलंय, हे दुखलं की ओठ आवळतात. आणि मी काय वाईट विचारलं होतं? आई म्हणाली, "त्यांचं काय चाललंय ते चालू दे." पन्नास वर्षांच्या संसारात आईने बहुतेक तहनामे याच एका वाक्यावर केले आहेत. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर राग निवत गेला आणि दुसरंच काहीतरी टोचायला लागलं. मागे वळताना त्यांच्या चेहऱ्यावर त्रागा दिसलाच नव्हता. अर्धी फळी कापून झाल्यावर करवत हलली की सुताराचा चेहरा होतो, तसा झाला होता. हातात काहीतरी काम होतं आणि मी ते मोडलं होतं. कसलं काम, ते मला कळत नव्हतं. नुसता तो उभा केलेला तळवा डोळ्यांपुढून जाईना.

तसा तळवा आमच्या घरात आणखी एकाच माणसाचा होता, अण्णांच्या आईचा. आजी सकाळी आंघोळ करून, ओलेत्या केसांना पंचा गुंडाळून देवघरासमोर बसायची. उजवा हात गोमुखीत, आत तुळशीची माळ. जप सुरू झाला की बोलणं बंद. बोलणं बंद, पण कारभार बंद नाही. नाकातून येणारं "हूं हूं", भुवया आणि डाव्या हाताचा तळवा एवढ्या सामग्रीवर ती अख्खं स्वयंपाकघर चालवायची. दूध उतू जातंय, खिडकीत मांजर आलंय, दारात भंगारवाला उभा आहे, त्या पातेल्याचे जास्त माग. मी एकदा मुद्दाम विचारलं होतं, "आजी, किती झाले?" तेव्हा तिने डोळे मिटले, माळ मेरुमण्यापर्यंत मागे सरकवली आणि पहिल्यापासून सुरू केलं. नंतर जवळ घेऊन सांगितलं ते असं, की माळेत मणी एकशे आठ असतात ते काही उगाच नाही. शंभर देवाचे आणि आठ भूलचुकीचे. माणूस आहे, कुठे मन भटकलं, कुठे मणी निसटला, तर ती भरपाई. शास्त्रात याची कितीतरी भारदस्त कारणं सांगितलेली आहेत, नक्षत्रांची, राशींची. मला अजूनही आजीचंच पटतं.

नैनसिंग रावतच्या माळेत मात्र शंभरच मणी होते.

त्या रात्री नैनसिंग आठवला तो असा, आजीच्या गोमुखीतून. उत्तराखंडातल्या मिलम गावचा हा शाळामास्तर १८६५ साली इंग्रजांच्या नकाशासाठी, गुपचूप, हातात माळ घेऊन, ओठांत मंत्र पुटपुटत तिबेटात शिरला. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा, दहावा मणी इतरांपेक्षा मोठा, म्हणजे अंधारातही बोटाला कळावं. माळ पुरी झाली की दहा हजार पावलं. त्याच्या पावलाचा हिशोब होता मैलाला दोन हजार, म्हणजे एक माळ पाच मैलांची. एकशे आठ मण्यांनी हा दशमानाचा हिशोब बिघडला असता, म्हणून आठ काढून टाकलेले. बघणाऱ्याला वाटणार, कुणी भाविक चाललाय. मणी मोजून बघतं कोण? पण आजीच्या भाषेत सांगायचं, तर हा माणूस भूलचुकीची सगळी सवलत घरी ठेवून निघाला होता.

बाकीचं सामानही असंच. दुसऱ्या हातात प्रार्थनाचक्र. त्याच्या पोटात मंत्र छापलेल्या कागदाची गुंडाळी असते. याच्या चक्रात कोऱ्या चिठ्ठ्या, रोजचं अंतर, दिशा, उंची टिपायला. यात्रेकरूची काठी, तिच्या आत थर्मामीटर. पेटीला दुहेरी तळ, मधल्या फटीत सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्याचा कोन मोजायचं यंत्र. ताऱ्याचा कोन घ्यायला सपाट आरसा लागतो, डोंगरात क्षितिज कुठून आणणार? म्हणून पारा. तो कवड्यांमध्ये भरून तोंड मेणाने बंद केलेलं. रात्री सगळे झोपले की लाकडी वाडग्यात पारा ओतायचा आणि त्यात तारा पकडायचा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. भिक्षेच्या वाडग्यात थरथरणारा तारा, आणि वर वाकलेला एक माणूस, ज्याला खोकायचीसुद्धा चोरी. दिवसा वाटेत कुणी गप्पिष्ट प्रवासी भेटला तर काय करायचं, यावरही उपाय होता. चक्र गरगर फिरवायचं आणि "ओम मणि पद्मे हुम" मोठ्याने सुरू करायचं. प्रार्थनेत असलेल्या माणसाला तिबेटात कुणी टोकत नसे. आमच्या घरीही टोकत नसत, पण इथे गणित वेगळं. आजी मोजत होती ती देवासाठी. हा देवाच्या आडोशाला उभा राहून रस्ता मोजत होता.

मिलमला मी २०११ साली गेले होते, मैत्रिणींबरोबर, हिमनदी बघायची म्हणून. तेव्हा या माणसाचं नावही मला धड माहीत नव्हतं. मुनस्यारीहून निघायचं, लिलम, बोगडियार, रिलकोट करत वर चढायचं, गोरी गंगा सतत डावी-उजवीकडे गरजत असते, तिचा आवाज दोन दिवसांनी कानांचाच वाटायला लागतो. मर्तोलीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि समोर नंदादेवी अशी उभी होती, की आमच्यातली सगळ्यात बडबडी मैत्रीण गप्प झाली. पण माझ्या लक्षात राहिलं ते बर्फ नव्हे, घरं. मिलममध्ये ओळीने दगडी घरं, गल्ल्या, ओटे, आणि बहुतेकांची छपरं आत कोसळलेली. दाराच्या चौकटीवर नाजूक नक्षी, वेलबुट्टी, आणि चौकटीच्या आत बिच्छू घास छातीएवढी वाढलेली. मी नक्षीवरून बोट फिरवायला गेले आणि त्या गवताला हात लागला. संध्याकाळपर्यंत मनगट पेटल्यासारखं होतं. एकेकाळी शेकडो घरांचं नांदतं गाव. उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली, आणि मधल्या दिवसांत खिंडी ओलांडून तिबेटशी व्यापार. इकडून धान्य, कापड, गूळ आणि तिकडून लोकर, मीठ, टाकणखार. १९६२ नंतर सीमा बंद झाली आणि गावाचं कारणच संपलं. आता उन्हाळ्यात थोडी कुटुंबं येतात, बटाटा, फाफर लावतात आणि थंडीआधी उतरतात. चहा करता करता वाटाड्या अभिमानाने म्हणाला, "पंडितजी इसी गाँव के थे. मास्टर थे." मी मान डोलावली. कोण पंडितजी, हे विचारायचा कंटाळा केला. चहा धुरकट होता आणि मला फक्त झोप हवी होती.

पुढे कधीतरी वाचताना 'मिलम' हा शब्द आला आणि मनगट पुन्हा चुरचुरलं.

जोहार खोऱ्यातल्या त्या गावात १८३० मध्ये जन्मलेला नैनसिंग खरोखर मास्तरच होता, म्हणूनच 'पंडित' हे नाव त्याला चिकटलं. त्याआधी १८५५ पासून श्लागिंटवाइट या जर्मन भावांबरोबर हिमालयात फिरून यंत्रं हाताळायला शिकलेला. ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे, म्हणजे इंग्रजांचं हिंदुस्थान मोजणारं खातं, त्याच्या माँटगोमेरी साहेबाला अशीच माणसं हवी होती. तिबेटात गोऱ्यांना मज्जाव, पण नैनसिंगसारख्या भोटियांची, म्हणजे सरहद्दीवरच्या व्यापारी लोकांची, ये-जा पूर्वापार. १८६३ साली नैनसिंग आणि त्याचा चुलतभाऊ मानीसिंग डेहराडूनला दाखल झाले, आणि पुढची दोन वर्षं तिथे जे चाललं, त्याचं मला सगळ्यात अप्रूप वाटतं. तेहतिशीतला, पोरांना पाढे शिकवणारा, आयुष्यभर डोंगरात चाललेला माणूस पुन्हा चालायला शिकला. चढ असो, उतार असो, सपाटी असो, पाऊल तेवढंच पडलं पाहिजे. करून बघा. आमच्या पर्वतीच्या पायऱ्या सोडा, साध्या बागेत दहा मिनिटं एकाच मापाचं पाऊल टाकून बघा. खड्डा येतो, कुत्रं आडवं येतं, मनात काहीतरी येतं. मनात काही आलं की पाऊल बदलतं, हे मला तेव्हाच कळलं. त्या माणसाने पुढे जे चालून दाखवलं, त्यात पावलाइतकंच मनालाही एका मापात ठेवलं असणार. भीतीने पाऊल लांब पडतं ना.

आणि भ्यायला कारणं भरपूर होती. काठमांडूहून तिबेटच्या सरहद्दीवरच्या क्यीरोंगच्या वाटेने शिरताना अडवले गेले. मानीसिंग मागे फिरला. नैनसिंगने वेश बदलला, खोटी वेणी लावली, लडाखी व्यापारी झाला. ल्हासाला गेलो तर प्राणाला मुकेन, असं लिहून द्यावं लागलं होतं, आणि तरी तो ल्हासाच्याच काफिल्यात सामील झाला. वाटेत ताशिल्हुन्पोच्या मठात सगळ्यांबरोबर त्यालाही पंचेन लामांच्या, म्हणजे दलाई लामांखालोखालच्या धर्मगुरूंच्या, दर्शनाला जावं लागलं. ऐकलेलं असं, की ते माणसाच्या मनातलं ओळखतात. याच्या मनात तर काय काय भरलेलं, पावलं, अंश, पेटीचा दुसरा तळ. थरथरत आत गेला तर गादीवर अकरा वर्षांचा मुलगा. त्याने सगळ्यांना विचारतात तेच तीन प्रश्न विचारले, तुमचा राजा बरा आहे का, देशात सुबत्ता आहे का, तुमची तब्येत ठीक आहे ना. संपलं. हा प्रसंग मला इतका आवडतो, की त्यावर मी कितीदा तरी थांबले आहे. मास्तर माणूस, अकरा वर्षांच्या मुलाला पाहून काय वाटलं असेल त्याला? वर्गातला एखादा पोरगा आठवला असेल का?

१८६६ च्या जानेवारीत ल्हासा. तिथे तीन महिने राहिला. पैसे संपत आले, तेव्हा नेपाळी व्यापाऱ्यांना हिशोब लिहायला शिकवून पोट भरलं. मास्तरकी कुठेही उपयोगी पडते. रात्री तारे, दिवसा उकळतं पाणी. जितकं उंच जावं तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यावरून उंची काढायची. लेहला ज्यांनी डाळ शिजवायचा प्रयत्न केलाय त्यांना हे भौतिकशास्त्र समजावून सांगायला नको. त्याच्या थर्मामीटरवरून ल्हासाची उंची निघाली ११,७०० फूट. आजच्या आकड्यापासून फरक तीनशे फुटांच्या आत. अक्षांश २९ अंश ३९ मिनिटं, तो तर जवळपास आहे तसाच. तोवर जगाच्या नकाशावर ल्हासा ही केवळ अंदाजाने टेकवलेली एक टिकली होती. दोन काश्मिरी व्यापाऱ्यांनी त्याचं सोंग ओळखलं, पण बोभाटा केला नाही, उलट त्याचं घड्याळ गहाण ठेवून पैसे दिले. एके दिवशी रस्त्यात एका चिनी माणसाचा भर लोकांत शिरच्छेद झालेला त्याने पाहिला. आणखी एके दिवशी त्याच रस्त्यावर क्यीरोंगचा तो अधिकारी दिसला, ज्याला लिहून दिलं होतं तो. त्यानंतर नैनसिंग फारसा बाहेर पडलाच नाही, आणि एप्रिलमध्ये काफिल्याबरोबर परत फिरला. त्सांगपोच्या, म्हणजे तिथल्या ब्रह्मपुत्रेच्या, काठाकाठाने मानसरोवरापर्यंत, तिथून खाली. बाराशे मैलांची वाट. पंचवीस लाखांच्या घरात पावलं. एकतीस ठिकाणचे अक्षांश, तेहतीस ठिकाणच्या उंच्या.

आणि सगळं खोटं बोलून.

इथे माझं मन दरवेळी दुभंगतं. शाबासकी द्यावी तर घशात काहीतरी अडकतं. दुसऱ्या प्रवासात, १८६७ साली, तो थोक जालुंगच्या सोन्याच्या खाणींवर गेला. सोळा हजार फुटांच्या वर, वारा असा की खाणकाम्यांचे तंबू खड्ड्यांत उभे केलेले. तिथली माणसं झोपतात कशी, ते त्याने टिपून ठेवलंय: गुडघे डोक्याशी घेऊन, कोपरांवर आणि गुडघ्यांवर पालथी, आणि अंगावर होते नव्हते ते सगळे कपडे पाठीवर रचून. हे लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. उंची सांगायची होती, सोनं किती निघतं ते सांगायचं होतं. झोपलेल्या माणसांच्या पाठींकडे बघत बसलेला हा माणूस हेर वाटत नाही, लेखक वाटतो. पण त्याच पाठींच्या मालकांनी त्याला शेकोटीपाशी जागा दिली होती, लोण्याचा चहा पाजला होता. आणि त्याच्या पावलांतून जो नकाशा निघाला, तो गेला साहेबाच्या टेबलावर. १९०४ मध्ये इंग्रजांची फौज तोफा-बंदुका घेऊन ल्हासात शिरली, वाटेत गुरू नावाच्या गावाच्या माळावर जुनाट बंदुका आणि तलवारी घेतलेल्या तिबेट्यांना गोळ्यांनी झोपवून. त्याला नैनसिंग जबाबदार, असं म्हणणं बालिश आहे हे मला कळतं. तरी चहा पाजणारे हात डोळ्यांपुढे येतातच.

शेवटची मोठी फेरी १८७४ ची. लेहहून निघून उत्तरेकडच्या ओसाड पठारावरून, नाम सरोवरावरून ल्हासा, आणि तवांगवरून १८७५ च्या मार्चमध्ये आसामात उदालगुडीला उतरला. तोवर डोळे अधू झाले होते. रात्र रात्र पाऱ्यातले तारे बघितल्याचं बिल. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सुवर्णपदक दिलं. त्याआधी बरीच वर्षं अहवालांत त्याला नाव नव्हतं, नुसता 'पंडित'. त्याने अक्षांश कसे काढावेत यावर हिंदीत पुस्तकही लिहिलं होतं, १८७१ मध्ये, 'अक्षांश दर्पण'. मास्तर शेवटी मास्तरच.

त्या रविवारी मी हे सगळं अण्णांना सांगितलं. गोळीच्या प्रसंगानंतर आमच्यात जरा अबोला होता, तो मोडायला काहीतरी हवं होतं. अण्णा पस्तीस वर्षं मोजणीदार होते, सातारा जिल्ह्यात. शंकू साखळी, खुणेचे दगड, बांध, शिवा हे शब्द मी बाराखडीच्या आधी ऐकले. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, हे त्यांनी मला अंगणात साखळी टाकून दाखवलं होतं, आणि ती उन्हात तापलेली साखळी उचलताना माझा तळवा भाजला होता. त्यांनी पोहे खाता खाता सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, पाऱ्यातल्या ताऱ्यावर तरी काही बोलतील. त्यांनी लिंबू पिळलं आणि विचारलं, "चढाला पाऊल आखूड पडतं. ते कसं धरलं त्याने?"

तेवढंच ठेवायला शिकवलं होतं, मी म्हणाले.

"होत नाही," अण्णा म्हणाले. "पाटणच्या डोंगरात मी किती चाललोय. चढाला वेगळं धरावं लागतं." मग थोडं थांबून, "पण तारे घेत होता ना मधून मधून? मग जुळवून घेत असणार. हां. मग बरोबर आहे." दीडशे वर्षांपूर्वीच्या सहकाऱ्याला क्लीन चिट मिळाली. मी हुरूप येऊन त्याच्या चुलतभावाचं सांगितलं, किशनसिंगचं. त्याला पुढे एका प्रवासात लुटारूंच्या भीतीने घोड्यावर बसावं लागलं, तर त्याने घोड्याच्या पुढच्या उजव्या पायाची पावलं मोजली. यावर अण्णा इतके खूश झाले की त्यांना ठसका लागला. "घोड्याचा उजवा पाय!" आईला आत जाऊन सांगून आले. काठी विसरून.

परत आले ते जरा गंभीर होऊन. "पण एक गोष्ट आहे," म्हणाले. "मोजणीला गेलो की आम्ही दोघांपैकी कुणाकडेही पाणी पीत नव्हतो. तुझ्या आईने बांधून दिलेली भाकरी बांधावर बसून खायची. दोन भाऊ भांडत असले, एकाच्या घरी चहा झाला की दुसऱ्याला साखळी वाकडी दिसते. आणि हा तर ज्यांची मोजणी, त्यांच्याच ताटात जेवला." मी म्हटलं, नाहीतर उपाशी मेला असता. "ते आहेच," अण्णा म्हणाले. बशीतला शेवटचा शेंगदाणा त्यांनी बराच वेळ चमच्याने इकडून तिकडे केला. "त्याला तो चहा गेला कसा घशाखाली, ते कुठे लिहिलंय का त्याने?"

मी गप्प राहिले. मग ते उठले, आणि टीव्हीखालच्या ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. विजेच्या बिलाची पाठकोरी बाजू. तिच्यावर त्यांच्या त्या फील्डबुकातल्या, डावीकडे किंचित झुकलेल्या अक्षरात तारखा आणि आकडे. ५४, ५३, ५३, ५२, ५१. पुढे ५०, ५१, ५०. मध्येच एका तारखेपुढे आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'अडथळा. रद्द.'

तो अडथळा मी होते.

वॉचमनला टेपचं एक टोक धरायला लावून त्यांनी फाटकाच्या पट्टीपासून भिंतीवर शंभर फूट मोजले होते. तिथे विटेच्या तुकड्याने काढलेली रेघ आहे. मी रोज तिच्या शेजारी स्कूटर लावते आणि ती कधी पाहिली नव्हती. नोकरीत असताना शंभर फुटांना त्यांची पावलं पडायची चाळीस. अडीच फुटांचं पाऊल, १९७४ पासून तेच. साखळी टाकायच्या आधी ते शेत नुसतं चालून घ्यायचे आणि आकडा मनात ठेवायचे. मोजणी त्याच्या फार बाहेर गेली की समजायचं, कुठेतरी साखळी अडकलीय किंवा कुणीतरी दगड हलवलाय. ऑपरेशननंतर पहिल्यांदा फाटकापर्यंत चालले आणि त्यांच्या लक्षात आलं, की आकडा जुळत नाही. "दुखत होतं म्हणून नाही," मला म्हणाले. "दुखणार हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण पाऊल बदललंय हे कुणी सांगितलं नव्हतं." बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, चष्म्याची काडी पुसत होते.

आता कशाला मोजायचंय काही, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांनी हिशोब मांडला. आत्ता न दुखता साडेतीनशे पावलं जमतात. पाऊल दोन फुटांचं झालंय, म्हणजे सातशे फूट. कोपऱ्यावरचं मेडिकलचं दुकान सहाशे फुटांवर आहे. जाईन, पण येणार कसा? जाऊन-येऊन सहाशे पावलं लागतात. अजून अडीचशे कमवायची आहेत. "तोवर गोळ्या तूच आणत जा," म्हणाले, आणि पोह्यांची बशी स्वतः उचलून आत ठेवून आले.

काल संध्याकाळी खाली गेले तर फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, काठी मांडीवर आडवी. "तुझं किती पडतं बघू," म्हणाले. मी चप्पल काढली, पट्टीला टाचा लावल्या. फरशी दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होती. एक, दोन, तीन. सातव्या पावलाला लक्षात आलं, की मी मुद्दाम ढांगा टाकते आहे, त्यांना दाखवायला. सावरून घेतलं. भिंतीवर मुंग्यांची रांग, कुणाच्या तरी खिडकीतून लसणाच्या फोडणीचा वास, वर दुसऱ्या मजल्यावर पाढे म्हणणारं पोरगं, आणि त्याचे पाढे माझ्या आकड्यांत घुसायला बघत होते. एकतीस. बत्तीस. रेघ दिसायला लागली होती. तेवढ्यात वॉचमन लगबगीने आला, "ताई, तुमचं पार्सल आलंय, ओटीपी मागतोय तो." मी त्याच्याकडे न बघता तळवा उभा केला. तो जागच्या जागी थांबला. मीही थांबले, कारण बत्तीसच्या पुढे मला काही सापडेना. तेहतीस म्हटलं होतं की नव्हतं?

खुर्चीकडे वळून पाहिलं. अण्णांनी काठीने फाटकाकडे खूण केली.

"मागे," ते म्हणाले.